कुऱ्हाड ठेवली, हक्क ठेवलेला नाही

(दिल्लीत जमलेल्या कामगार प्रतिनिधींसमोर गडचिरोली जिल्ह्यातील एका वयोवृद्ध जंगल कामगाराने केलेले भाषण)



काल इथल्या साथींनी मला कीर्तीनगरचा लाकूडबाजार दाखवला. लठ्ठा दिसला की त्यावर हात जातोच, ही आमची जुनी खोड. बराच माल परदेशातला निघाला. मग नवी संसद बाहेरून पाहिली. २०२३ मध्ये तिचे उद्घाटन झाले. तिच्यातले सागवान नागपूरहून आणल्याचे सरकारने सांगितले आहे. नागपूरच्या बाजारात आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीकडचे सागवान येते. लाकूड दिल्लीला केव्हाच पोहोचले. ते तोडणारा आज येतो आहे.

सोळाव्या वर्षी मी आलापल्लीच्या जंगलात कुऱ्हाड धरली. पावसाळा संपला की कूप सुरू व्हायचा. बायकापोरांसह आम्ही झोपड्या टाकून राहायचो. ज्या झाडावर वनखात्याच्या हातोड्याचा छापा, तेच तोडायचे. तेही जमिनीलगत आणि खुंटावर पाणी साचू न देता, म्हणजे त्याला पुन्हा फुटवे येतात. हे आम्हाला शाळेने शिकवले नाही, बापाने शिकवले. मोठे लठ्ठे ओढायला हत्ती असत. कमलापूरच्या हत्तींना पाहायला आज पर्यटक जातात. हत्तीचे नाव आणि खुराक सरकारी वहीत होता. आमची नावे मुकादमाच्या वहीत, तीही हंगामापुरती. हंगाम संपला की वही गेली आणि नावही गेले.

आमची स्थिती सुधारण्याचे प्रयत्न झाले नाहीत असे नाही. कंत्राटदाराला बाजूला सारून कामगारांच्याच हाती कूप द्यावेत म्हणून मुंबई प्रांतात १९४७ पासून जंगल कामगार सहकारी संस्था निघाल्या. १९७४ मध्ये राज्याचे वनविकास महामंडळ आले. पण १९८० चा वन संवर्धन कायदा आणि १९८८ चे वनधोरण यांनी उत्पन्नापेक्षा जंगल राखण्याला पहिले स्थान दिले. १२ डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गोदावर्मन खटल्यात आदेश दिला, की मंजूर कार्य आयोजनेशिवाय जंगलात तोड नाही. ४ मार्च १९९७ च्या आदेशाने महाराष्ट्रातल्या विनापरवाना आरागिरण्या बंद झाल्या. कूप कमी झाले, तशी आमची कामेही कमी झाली.

साथींनो, मी या आदेशाविरुद्ध बोलायला आलो नाही. जाड बुंध्याची झाडे विरळ होत गेली हे आम्हीच प्रथम पाहिले. जंगल वाचलेच पाहिजे. पण देशाची लाकडाची भूक काही कमी झाली नाही, हे कीर्तीनगरने मला दाखवले. कुऱ्हाड इथली थांबली, ती दुसऱ्या देशाच्या जंगलात चालली. तिथला तोडणाराही आमच्यासारखाच गरीब असणार.

माझा प्रश्न साधा आहे. जंगल राखायचे ठरले, तेव्हा त्यावर जगणाऱ्याच्या म्हातारपणाचा हिशेब कोणी मांडला? असंघटित कामगारांसाठी २०२१ मध्ये ई-श्रम नोंदणी सुरू झाली. तिची वयोमर्यादा १६ ते ५९. आमच्या पिढीने उभा जन्म असंघटित म्हणून काढला आणि नोंदणी आली तेव्हा आमचे वय निघून गेले होते!

वाट मात्र आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने ग्रामसभेला हक्क दिला. आमच्याच जिल्ह्यातल्या मेंढा-लेखा गावाला २०११ मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्याचे पुस्तक मिळाले आणि बांबू विकण्याचा अधिकार गावाच्या हाती आला. गावाने जंगलही राखले आणि मजुरीही मिळवली.

म्हणून या मेळाव्याने तीन मागण्या कराव्यात. ग्रामसभेच्या साक्षीने जुन्या जंगल कामगारांची यादी करावी. मुकादमाची वही नाही म्हणून कोणाला वगळू नये. त्यांना सन्मानाने जगता येईल असे निवृत्तिवेतन द्यावे. आणि जाळरेषा, रोपवाटिका, विरळणी ही कामे कंत्राटदाराला न देता त्यांच्या मुलांना हजेरीपटावर नाव घालून द्यावीत.

खुंटाला फुटवा येतो, पण मूळ जिवंत असेल तरच. ते मूळ आम्ही आहोत. ते वाळण्याआधी एवढे करा, ही विनंती. जय हिंद, जय महाराष्ट्र.