कुंपण घालण्यापूर्वी नोंद तपासा



आपल्या बीड जिल्ह्यात पूर्वी कुंपण म्हणजे कुपाटी. बोराटी-बाभळीच्या फांद्या तोडायच्या आणि बांधावर रचायच्या, की काम भागले. आता रानडुकरे आणि हरणे यांच्या त्रासामुळे पुष्कळ जण सिमेंटचे खांब आणि काटेरी तार घेतात. गावात कंत्राटदार येतो, फुटावर दर सांगतो आणि एकच प्रश्न विचारतो, "दादा, खांब कुठून कुठवर रोवायचे?"

या प्रश्नाचे उत्तर त्याच्याजवळ नसते. ते तुमच्याजवळ असावे लागते. कुपाटी हातभर इकडे-तिकडे सरली तरी शेजारी कानाडोळा करीत असे. पण सिमेंटमध्ये पक्का केलेला खांब शेजाऱ्याच्या डोळ्यांत रोज खुपतो. एका ओळीचे भांडण दोन पिढ्यांना पुरते, हे तुम्हांला मी सांगावे असे नाही.

तेव्हा तार विकत आणण्यापूर्वी आपली नोंद वाचा. आणि इथेच पुष्कळांची गफलत होते. जमिनीची नोंद एक नव्हे, दोन आहेत, आणि त्या दोन कचेऱ्यांत असतात. सातबाऱ्यावर जमीन कोणाची व किती, हे लिहिलेले असते. ते काम तलाठ्याचे, ज्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, आणि त्यांच्यावर मंडळ अधिकारी व तहसीलदार. जमीन नेमकी कुठून कुठवर आहे, हे मात्र सातबारा सांगत नाही. ते नकाशा सांगतो, आणि नकाशा असतो तालुक्याच्या भूमि अभिलेख कार्यालयात, उपअधीक्षकांकडे. नावाची चूक घेऊन भूमि अभिलेखात गेलात किंवा बांधाचे भांडण घेऊन तलाठ्याकडे गेलात, तर हेलपाटेच पदरी पडतात.

सातबाऱ्यावर चुका येतात कशा? आपल्या मराठवाड्याची जमीन बऱ्याच हातांतून लिहिली गेली आहे. १९४८ पर्यंत आपण निजामाच्या राज्यात होतो. त्या काळचे बरेच कागद उर्दूत, आणि साल फसली. (फसली सालात ५९० मिळवले की इंग्रजी साल जवळपास निघते, शिक्षकांनी हे मुलांना सांगून ठेवावे, घरच्या जुन्या कागदांना उपयोगी पडते.) पुढे १९५६ मध्ये आपण मुंबई राज्यात आलो आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात. एकर-गुंठ्यांचे हेक्टर-आर झाले, आणि अलीकडे हाताने लिहिलेला सातबारा संगणकावर चढला. दर वेळी कोणीतरी एकावरून दुसऱ्यावर उतरवून घेतले, आणि उतरवताना कुठे काना गेला, कुठे शून्य वाढले, कुठे एका भावाचे नावच राहून गेले. दोन एकर वीस गुंठे म्हणजे सुमारे एक हेक्टर एक आर. तुमच्या उताऱ्यावरचा आकडा या हिशेबात बसतो का, हे घरी बसून पाहता येते. चाळीस गुंठ्यांचा एकर, शंभर आरांचा हेक्टर, आणि गुंठा म्हणजे आरापेक्षा किंचित मोठा, एवढे ध्यानात ठेवले की पुरे.

लिहिण्यातली चूक असेल तर ती दुरुस्त करण्याची वाट कायद्यानेच ठेवली आहे. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ याचे कलम १५५ त्यासाठी आहे. अर्ज तहसीलदारांकडे करायचा. ज्यांचा संबंध येतो त्यांना नोटीस जाते, जुने कागद पाहिले जातात, आदेश होतो आणि त्याचा फेरफार होऊन सातबारा सुधारतो. मात्र हे कलम लेखनाच्या चुकीसाठी आणि सर्व संबंधितांना मान्य असलेल्या चुकीसाठी आहे. चुलत्याचा हिस्सा किती, विक्री खरी की खोटी, असले वाद त्यात शिरवायला गेलात तर अर्ज तर जाईलच, वर वेळही जाईल. त्यासाठी अपील आहे, दिवाणी न्यायालय आहे.

अर्ज लांबलचक नको. गावात ज्याला लिहिता येते त्याने, आणि शिक्षकांनी तर आवर्जून, तो साधा लिहून द्यावा. "मौजे अमुक, तालुका अमुक, गट नंबर अमुक. हस्तलिखित सातबाऱ्यावर माझे क्षेत्र इतके आहे, संगणकीय उताऱ्यावर ते इतके आले आहे. दोन्ही उतारे आणि फेरफाराची नक्कल सोबत जोडली आहे. कलम १५५ प्रमाणे दुरुस्ती व्हावी." बस्स. मधे गाऱ्हाणे नको, कोणाची निंदा नको. चूक काय, बरोबर काय आणि ते कशावरून, एवढेच. आणि दोन प्रती न्याव्यात. एक कचेरीत द्यावी, दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घ्यावी. "साहेबांना सांगून आलो" या शब्दाला पुढे कोणी विचारीत नाही.

आता आपल्या जिल्ह्याची खास अडचण. इथली हजारो कुटुंबे दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला निघतात आणि परततात ती गुढीपाडव्याच्या आसपास. तेवढे महिने घराला कुलूप, म्हातारी माणसे आणि लहान पोरे गावात. जमिनीत काही बदल झाला की तलाठी फेरफाराची नोंद करतो, तिची प्रत चावडीवर लावतो, संबंधितांना नोटीस काढतो, आणि हरकतीला पंधरा दिवस असतात. समजा, पाटोद्याकडे एका घरी बाप वारला. थोरला गावात, धाकटा कोयता घेऊन कर्नाटकात. वारसांची नावे देताना धाकट्याचे, किंवा सासरी असलेल्या बहिणीचे नाव राहिले. मुद्दाम राहिले असेल, अनवधानाने राहिले असेल. पंधरा दिवस गेले, मंडळ अधिकाऱ्याने नोंद मंजूर केली. धाकटा पाडव्याला येतो तर सातबारा एकट्या थोरल्याच्या नावे. मग अपील, वकील, आणि दोन हंगामांची उचल त्यात.

म्हणून निघण्यापूर्वी सातबारा आणि आठ-अ हे दोन उतारे काढून वाचून घ्या. डिजिटल सहीचा सातबारा २०१८ पासून संगणकावरून मिळतो, तालुक्याला जावे लागत नाही. आपल्या गटावर एखादा फेरफार मंजुरीविना पडून आहे का, ते विचारा. गावात एक भरवशाचा माणूस नेमा आणि त्याला तुमचा फोन नंबर द्या. शाळेत जाता-येता चावडीवरचा कागद वाचणारा गुरुजी असेल, तर त्याच्याएवढा चांगला माणूस नाही. हरकत घ्यायची झाली तर लेखी घ्या. ती विवादग्रस्त प्रकरणांच्या नोंदवहीत लिहिणे आणि हरकत मिळाल्याची पोच ताबडतोब देणे, हे तलाठ्याचे कर्तव्य म्हणून कायद्यातच लिहिले आहे. पोच मागणे म्हणजे भांडण काढणे नव्हे. हरकत आली की ती नोंद तशीच मंजूर होत नाही. आधी दोघांचे म्हणणे ऐकावे लागते.

बहिणींनो, तुमच्यासाठी वेगळे सांगतो. उताऱ्यावर आपले नाव आहे की नाही हे तुम्ही स्वतः पाहा. "आहे गं, आहे" एवढ्यावर राहू नका. वाचता येत नसेल तर पोराकडून, पोरीकडून वाचून घ्या.

राहिला बांध. नोंद सरळ झाल्यावर मोजणीचा अर्ज भूमि अभिलेखात करावा, हद्द कायम करण्यासाठी म्हणून. शेजाऱ्यांना नोटीस जाते; त्या दिवशी त्यांनाही बोलवा, चहा पाजा. भूमापक खुणा दाखवील त्या सर्वांसमक्ष पाहून घ्या, आणि पुढे मोजणी नकाशाची 'क' प्रत मागून घ्या. मोजणी पटली नाही तर वरच्या अधिकाऱ्याकडून निमताना मोजणी मागता येते. रात्रीतून दगड हलवू नये, तो गुन्हा आहे. शुल्क वेळोवेळी बदलते, ते कार्यालयातच विचारावे.

ही 'क' प्रत हाती आली की कंत्राटदाराला बोलवा. खांबाचे खड्डे खुणेच्या आत, आपल्या बाजूला घ्या. वीतभर जागा गेली तरी चालेल, कारण तार ताणली की खांब थोडा कलतो, आणि तो शेजाऱ्याच्या अंगावर कलता कामा नये. बांधावरून कोणाची जुनी वहिवाट असेल तर तिथे फाटक ठेवा. वाट अडवली तर तहसीलदारांकडे मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ खाली दावा येतो, आणि नवे कुंपण तेवढ्यापुरते मोडावे लागते.