गोग्रास आणि हिरवा चारा



देवाच्या नैवेद्याबरोबर गोग्रास काढून ठेवण्याची रीत गोमंतकातील घराघरांत पूर्वापार चालत आलेली आहे. दिवाळीच्या पाडव्याला गुरांना न्हाऊ घालून, गळ्यात फुलांच्या माळा बांधून त्यांची पूजा होते. देवळात पंचामृतासाठी दूध, दही, तूप लागते. परंतु हे दूध येते कोठून, असे विचारले तर आज पुष्कळ ठिकाणी पिशवीकडे बोट दाखवावे लागते, आणि त्या पिशवीतील दूध अनेकदा घाटमाथ्यावरून आलेले असते. पेडणे व डिचोली या तालुक्यांतील गावोगावी गाय अद्याप गोठ्यात उभी आहे. ती तेथे टिकावयाची असेल तर तिला कशाची गरज आहे, हा आजच्या विवेचनाचा विषय होय.

जुन्या काळी गोमंतकीय शेतकऱ्याने गाय केवळ दुधासाठी पाळली नाही. नांगराला बैल हवा आणि शेताला व कुळागराला शेणखत हवे, म्हणून गोठा होता. दूध हा वरकड लाभ. पावसाळ्यात सड्यावर गवत उगवे, कापणीनंतर गुरे शेतात चरत आणि उन्हाळ्यासाठी भाताचा पेंढा रचून ठेवलेला असे. चाऱ्यापायी रोख पैसा मोडावा लागत नसे. या व्यवस्थेला साजेशी गाय म्हणजे गोव्याची ‘श्वेतकपिला’. अलीकडच्या काळात तिची स्वतंत्र जात म्हणून राष्ट्रीय पातळीवर नोंद झाली आहे. ही गाय अंगाने पांढरीशुभ्र. दमट हवा व मुसळधार पाऊस ती सहज सोसते. मात्र तिचे दूध दिवसाला साधारण दोन-तीन लिटरच.

१९६५ साली आणंद येथे राष्ट्रीय दुग्धविकास मंडळ स्थापन झाले आणि १९७० पासून डॉ. वर्गीस कुरियन यांच्या नेतृत्वाखाली दुधाचा महापूर योजना सुरू झाली. शेजारच्या कोल्हापुरात ‘गोकुळ’ संघ १९६३ सालीच उभा राहिला होता. गोव्यातही गावोगावी सहकारी दूध संस्था निघाल्या व कुर्टी येथील राज्य दूध संघाकडे दूध जाऊ लागले. गोठ्यात जर्सी व होल्स्टिन रक्ताची संकरित गाय आली. दूध वाढले, पण या गाईचे पोट सड्यावरच्या गवताने भरत नाही.

आणि सडा तरी पूर्वीचा कोठे राहिला आहे? मोपाच्या सड्यावरून ५ जानेवारी २०२३ पासून विमाने उडू लागली. डिचोलीत खाणींनी डोंगर उकरले आणि त्यांची माती ओहोळांवाटे शेतांत उतरली. २०१२ व पुन्हा २०१८ साली खाणी बंद पडल्या, तेव्हा त्या रोजगाराचा भरवसा किती, हे घरोघरी कळून आले. भातकापणी यंत्राने होऊ लागल्यापासून पेंढाही पूर्वीसारखा हाती लागत नाही. परिणामी गोठेवाल्याला पेंड, खुराक आणि सुका चारा विकत आणावा लागतो, आणि दुधाच्या पैशाचा मोठा वाटा तिकडेच जातो.

हिशेब साधा आहे. चारशे किलो वजनाच्या दुभत्या गाईला दिवसाला २० ते २५ किलो हिरवा चारा, ५-६ किलो सुका चारा आणि दुधाच्या प्रमाणात खुराक लागतो. हिरवा चारा नसला की त्याची उणीव महागड्या खुराकाने भरून काढण्याचा मोह होतो. खुराक फाजील आणि चारा कमी झाला म्हणजे गाईचे पचन बिघडते व दुधातील स्निग्धांश उतरतो. आणि दुधाचा दर तर स्निग्धांशावर व इतर घनपदार्थांवर ठरतो. म्हणजे खर्च वाढतो आणि दर घटतो, असा दुहेरी तोटा पदरी पडतो.

पोषणाच्या जोडीने आरोग्य आले. गाईचा सर्वांत खर्चिक रोग म्हणजे कासदाह, आणि त्याचे सुप्त रूप डोळ्यांना दिसत नाही. दूध काढून झाल्यावर सडांची तोंडे सुमारे अर्धा तास उघडी राहतात. तेवढा वेळ गाय ओल्या शेणात बसू नये, म्हणून तिच्यापुढे हिरवा चारा टाकून तिला उभी ठेवावी आणि सड जंतुनाशक द्रावणात बुडवावेत. गोमंतकाच्या दीर्घ पावसाळ्यात कोरडी जमीन हेच अर्धे औषध आहे. लाळ्या-खुरकूत रोगाची लस दर सहा महिन्यांनी द्यावी. सांसर्गिक गर्भपाताची लस कालवडीला चार ते आठ महिन्यांच्या वयात एकदाच द्यावयाची असते. हा दुसरा रोग माणसालाही होतो, म्हणून गाभडलेल्या गाईचा वार उघड्या हातांनी हाताळू नये. २०२२ साली लम्पी त्वचारोगाने देशभर हाहाकार उडवला. तो माश्या, डास व गोचिडांमार्फत पसरतो. गोठ्याची स्वच्छता ही चैनीची बाब नाही, हे त्या वर्षाने शिकवले.

आता महाजन कुटुंबांच्या वाट्याला काय येते, ते पाहू. पेडणे-डिचोलीत अनेक घरांच्या जमिनी पडीक आहेत. घरची माणसे पणजीला, मुंबईला किंवा परदेशी; आणि कूळ लागेल या धास्तीने जमीन कोणाच्या हाती दिली जात नाही. ही धास्ती निराधार नाही. परंतु जमीन कसायला न देता मालकाने स्वतःच तीत संकरित नेपिअर गवत लावले आणि ते गावच्या गोठेवाल्यांना विकले, तर जमीन मालकाच्याच वहिवाटीत राहते. या गवताची पहिली कापणी सुमारे अडीच महिन्यांनी व पुढच्या कापण्या साधारण दर दीड महिन्याने होतात. पाणी व शेणखत नीट मिळाल्यास एका एकरात वर्षाला ५० टन चारा धरावयास हरकत नाही. एका गाईला वर्षाला सुमारे ९ टन लागतो. म्हणजे एक एकर पाच गाईंना पुरतो. पाण्यासाठी तिळारीचे कालवे या दोन्ही तालुक्यांत पोहोचलेले आहेत.

पाच गाईंचा गोठा म्हणजे एका कुटुंबाचा संसार. चाऱ्याअभावी तो गोठा मोडला, तर गाईबरोबर शेणखत जाते, शेणखताबरोबर शेती जाते, आणि शेती गेली की गावातील तरुण गाव सोडतो. मग उत्सवाला पालखी उचलण्यासही माणसे बाहेरून बोलवावी लागतील. देवस्थानाचे वैभव गावाच्या नांदण्यावर उभे असते.

पानाशेजारी काढून ठेवलेला गोग्रास ही गाईच्या ऋणाची आठवण आहे. तिचे पोट मात्र त्याने भरत नाही. ज्या घराची जमीन पडून आहे, त्या घराने यंदाच्या पावसाळ्यात निदान अर्ध्या एकरात गवताची ठोंबे लावावीत. तोच आजच्या काळातला खरा गोग्रास ठरेल.