बागेची राखण आणि राखणीचा कुत्रा



कोकणात कुठल्याही बागायतदाराच्या ओटीवर बसलं की बोलणं थोड्याच वेळात वानरांवर येतं. आंब्याचा मोहर, शहाळी, केळीचे घड, परड्यातल्या वाल-पडवळाच्या वेली, काही म्हणता काही सुटत नाही. रात्री रानडुक्कर आणि साळिंदर येतात ते वेगळेच. सकाळी बघावं तर सुरण उकरलेला, माडाच्या नव्या रोपाचा गाभा कुरतडलेला. पूर्वी राखणीला माणूस असे. माचावर कुणीतरी बसलेलं असे, हातात गोफण असे, वाजवायला पत्र्याचा डबा असे. आता घरात म्हातारा-म्हातारी आणि मुलं मुंबईला. म्हणून लोक विचारतात, मोठा कुत्रा आणू का? आणा, असंच मी सांगतो. फक्त त्याच्याकडून कुठलं काम होतं आणि त्याच्यासाठी आपल्याला काय करावं लागतं, हे आधी नीट समजून घ्या. आपल्याकडे कुत्रा आणतात, बेड्याजवळ साखळीला बांधतात, वर्षभराने उपयोग नाही म्हणतात आणि सोडून देतात. त्या जनावरावर हा अन्याय आहे.

राखणीच्या कुत्र्यांची जुनी परंपरा मेंढपाळांची. तुर्कस्तानातला कंगाल, इटलीच्या आब्रुझ्झो भागातला मारेम्मा, पिरेनीज पर्वतातला पांढरा कुत्रा, आपल्याकडे हिमालयातल्या गद्दी आणि बकरवाल मेंढपाळांचे कुत्रे. अमेरिकेत रेमंड आणि लॉर्ना कॉपिंजर या दांपत्याने १९७०च्या दशकापासून अशा कुत्र्यांचा अभ्यास केला. त्यांच्या मते राखणीच्या कुत्र्याला तीन गुण लागतात. त्याने कळपाजवळ राहावं, कळपाला इजा करू नये आणि संकट आलं की मध्ये उभं राहावं. या यादीत पाठलाग नाही, झुंज नाही. कुत्रा भुंकत पुढे आला की लांडग्याचा डाव बहुतेक वेळा तिथेच मोडतो. ज्याला आपण भित्रा किंवा आळशी कुत्रा म्हणू, दिवसभर मेंढ्यांत पडून राहणारा, तोच या कामात तरबेज ठरतो.

पण बाग म्हणजे कळप नव्हे. कुत्र्याला माडाची माया कशी लागणार? याचं उत्तर ऑस्ट्रेलियाच्या दक्षिण किनाऱ्यावर वॉर्नांबूल गावाजवळच्या मिडल आयलंड नावाच्या छोट्या बेटावर मिळतं. तिथे ओहोटीला कोल्हे पाण्यातून चालत येत आणि लहान पेंग्विन मारत. शेकड्यांनी असलेले पक्षी २००५पर्यंत जेमतेम दहाच्या आसपास उरले. तिथल्या एका कोंबडीपालक शेतकऱ्याच्या सुचवण्यावरून २००६पासून बेटावर मारेम्मा कुत्रे ठेवायला सुरुवात झाली आणि पेंग्विन पुन्हा वाढले. पेंग्विन रात्री येतात, बिळात शिरतात, कुत्र्याशी त्यांचा संबंध जेमतेमच. कुत्र्याने राखली ती जागा. त्याचा वास, त्याचं मुतणं, त्याची फेरी एवढ्याने कोल्ह्यांना कळलं की इथे कुणीतरी आहे. पुढे २०१७मध्ये समुद्र खवळलेला असताना कुत्र्यांना बेटावर नेता आलं नाही आणि कोल्ह्यांनी पुन्हा कत्तल केली. या गोष्टीतला हा भाग मला फार महत्त्वाचा वाटतो. कुत्र्याची राखण तो हजर असेपर्यंतच. त्याने गेल्या वर्षी बसवलेला धाक या वर्षी पुरत नाही.

बुजगावण्याला आणि फटाक्यांच्या आवाजाला वानर थोड्या दिवसांत सरावतात, कारण त्यातून पुढे काही घडत नाही. कुत्रा जागा बदलतो, झोपल्यासारखा दिसतो आणि उठतो. त्याचा अंदाज बांधता येत नाही. मात्र साखळीला बांधलेल्या कुत्र्याचा अंदाज वानराला लगेच येतो. साखळी जिथे संपते त्याच्या पलीकडे बसून ते निवांत पेरू खातात. म्हणून बागेला गडगा हवा किंवा जाळी हवी, आणि कुत्रा त्याच्या आत मोकळा हवा. अमेरिकेत मिसुरी राज्यात पाइनच्या लागवडीत हरणांविरुद्ध असा प्रयोग झाला होता. कुत्रे हद्दीच्या आत मोकळे ठेवले, आणि हरणांनी खाल्लेल्या रोपांचं प्रमाण तिथे कमी राहिलं.

आता कुठल्या जनावरापुढे कुत्रा चालतो आणि कुठे नाही, ते स्पष्ट सांगतो. झाडं सुटी-सुटी असतील, एका कलमावरून दुसऱ्या कलमाकडे जायला वानरांना जमिनीवर उतरावं लागत असेल, तर कुत्रा फार उपयोगी. पोफळीच्या दाट आगरात टोळी शेंड्याशेंड्यांवरून जाते, तिथे तो खालून नुसता भुंकणार. हुप्प्या चिडला तर त्याचे दात कुत्र्याला फाडू शकतात, म्हणून एकापेक्षा दोन कुत्रे बरे. रानडुकरापुढे कुत्र्याने लांबून भुंकावं, अंगाशी जाऊ नये. डुकराच्या सुळ्याने पोट फाटतं. साळिंदराचे काटे तोंडात घुसले तर गुरांच्या डॉक्टरकडेच न्यावं लागतं. आणि गव्यापुढे कुत्रा उभा करूच नका. पूर्ण वाढलेला गवा आठशे-हजार किलोंचा असतो. तिथे कुत्र्याचा जीव जाईल आणि चवताळलेला गवा तुमच्या अंगणात येईल.

सगळ्यात अवघड प्रश्न बिबट्याचा. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले भागात वन्यजीव संशोधक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिबट्यांच्या विष्ठेचा अभ्यास केला. त्यांच्या खाण्यात वजनाच्या हिशेबाने ३९ टक्के वाटा कुत्र्यांचा निघाला, शेळ्यांचा ११ टक्के. त्या भागात शेळ्या कुत्र्यांपेक्षा कितीतरी जास्त असूनही असं व्हावं, याचं एक कारण उघड आहे. शेळ्या रात्री गोठ्यात बंद असतात आणि कुत्रा बाहेर. आता अडचण बघा. डुक्कर आणि साळिंदर येतात रात्री, आणि कुत्र्यावर बिबट्या येतो तोही रात्रीच. कुत्रा मोकळा ठेवावा तर तो जातो, बंद ठेवावा तर सुरण जातो. यावर माझं मत पक्कं आहे. बिबट्याचा वावर असलेल्या गावात रात्री कुत्रा मोकळा ठेवू नये. बागेच्या मध्यावर छप्पर असलेलं, चारी बाजूंनी आणि वरूनही मजबूत जाळीचं घर बांधा आणि दिवेलागणीला त्याला आत घ्या. तिथून तो भुंकेल, तुम्हाला जाग येईल. रात्रीचं राखणं गडग्यावर आणि कुंपणावर सोपवा, दिवसाची वानरं कुत्र्यावर. हिमालयातले मेंढपाळ कुत्र्याच्या गळ्यात खिळ्यांचा रुंद लोखंडी पट्टा घालतात, कारण बिबट्या मान धरतो. तो पट्टा आपणही वापरावा, पण त्याच्या भरवशावर कुत्रा उघड्यावर ठेवू नये.

जातीबद्दल थोडंच बोलतो. दाट केसांचे थंड प्रदेशातले कुत्रे कोकणातल्या उकाड्यात आणून त्यांचे हाल करू नका. कारवानी कुत्रा देखणा आणि चपळ, पण तो पाठलागाचा. ससा दिसला की तो बाग सोडून जाणार. मोठ्या हाडापेराचं, शांत आईचं गावठी पिल्लू मला सगळ्यात योग्य वाटतं. ते दोन महिन्यांचं झालं की आणा, त्याआधी आईपासून तोडू नका. पुढचे दोन-तीन महिने सोन्यासारखे. या काळात ते ज्यांच्यात वावरेल त्यांना आपलं मानेल. कोंबड्या, शेळ्या, शेजाऱ्यांची मुलं, गडी माणसं, सगळ्यांची ओळख याच काळात व्हायला हवी. रोज सकाळ-संध्याकाळ दोरीने धरून हद्दीवरून फिरवा, जेवण बागेतच द्या. हद्द पायांत भिनली की सांगावं लागत नाही. मोठं कुत्रं समजूतदार व्हायला दोन वर्षं घेतं. तोवर त्याने केळीच्या मुळाशी खड्डे केले तर रागावू नका.

पाठलागाबद्दल आणखी एक. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ याच्या व्याख्येत कुत्र्यांकरवी पाठलाग करवणं, जनावर हाकणं, याही गोष्टी शिकारीत मोडतात. बागेत आलेल्याला कुत्रा भुंकून घालवतो ते वेगळं, आणि रानात कुत्रे सोडून डुकरामागे धावणं वेगळं. दुसरं काम कुणी करत असेल तर त्याला गावाने थांबवावं.

लसीविषयी मला कळकळीने सांगायचंय. १९९४मध्ये आफ्रिकेतल्या सेरेंगेटीच्या सिंहांमध्ये डिस्टेंपरची साथ आली आणि तिथले सुमारे एक तृतीयांश सिंह, जवळपास हजार, मेले. हा मुळात कुत्र्यांचा रोग. २०१८मध्ये आपल्या गीरमध्येही वीसहून अधिक सिंह गेले आणि तपासणीत तोच विषाणू आढळला. रानाच्या काठावरचा आपला कुत्रा म्हणजे रानाशी जोडलेला धागा आहे. रेबीजची आणि डिस्टेंपरची लस दरवर्षी द्या, नसबंदी करून घ्या. वाडीत दहा घरं असतील तर दहाही घरांच्या कुत्र्यांची लस एकाच दिवशी होईल असं ठरवा. पशुवैद्यकीय दवाखान्याला वाडीने एकत्र अर्ज दिला तर डॉक्टरांचीही सोय होते. पाऊस लागायच्या आत, रस्ते चालू असताना, हे उरकून घ्या. ज्यांना परवडत नाही त्यांच्या कुत्र्याच्या लसीचे पैसे बाकीच्यांनी घालावेत, कारण त्याचं कुत्रं आणि आपलं कुत्रं एकाच पाणवठ्यावर पाणी पितात.