राखणीची सेवा



मी ख्रिस्ती घरातला. सेवा म्हटली की आमच्या डोळ्यांसमोर शाळा आणि दवाखाना येतो. पण बायबलच्या पहिल्याच पुस्तकात देव माणसाला बागेत ठेवतो, तो तिची मशागत आणि राखण करायला. गावोगावी राखणदाराला मान देणाऱ्या दोडामार्गात राखण म्हणजे काय, हे मी सांगायला नको.

वसईत फादर फ्रान्सिस दिब्रिटो हिरवी वसई वाचवण्यासाठी लोकांबरोबर रस्त्यावर उतरले. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ मध्ये 'लाउदातो सी' या परिपत्रकात निसर्गाची हानी आणि गरिबाचं दुःख एकत्रच पाहायला सांगितलं.

आपल्याकडे ते दिसतंच. २००२ पासून कर्नाटकातून हत्ती येतात. एका रात्रीत माड, केळी आडव्या होतात आणि सोसतो तो गावात राहिलेला शेतकरी. दुसरीकडे डोंगर विकले जातात, झाडी तुटते. सातबारावर नावं मात्र अनेकदा आपल्यासारख्या मुंबई-गोव्याला गेलेल्यांची असतात.

म्हणून दोनच गोष्टी मागतो. गावची जमीन विकण्याआधी तिथल्या झाडांचं काय होणार, ते विचारा. आणि सुट्टीत आलात की नुकसान झालेल्या शेजाऱ्याच्या पंचनाम्याला सोबत उभे राहा, त्याचा अर्ज लिहून द्या. अर्ज लिहायला आपल्याला याच शाळेत शिकवलंय.