मद्यकुंभ आणि लोणच्याची बरणी

भांड्याचें मोल त्यांत काय भरलें आहे यावरून ठरवण्याची माणसाची सवय जुनी आहे. मद्य संपतें, लोणचें संपतें आणि रिकामें भांडें अडगळींत जातें. परंतु आंतील पदार्थ नाहींसा झाल्यावरही त्याची साक्ष मातीच देते, हें चीनच्या मद्यकुंभांनीं सिद्ध केलें आहे.

चीनच्या होनान प्रांतांत जियाहू येथें सुमारें ९,००० वर्षांपूर्वींचीं खापरें सांपडलीं. त्यांत मुरलेल्या अंशाच्या रासायनिक परीक्षणाचा वृत्तांत २००४ सालीं प्रसिद्ध झाला. तांदूळ, मध आणि फळें आंबवून केलेलें पेय त्या भांड्यांत असे, असें त्यावरून दिसून आलें. तें पेय करणारांचें नांव उरलें नाहीं. सच्छिद्र मातीनें शोषलेला अंश तेवढा उरला.

पुढें शाओशिंग येथील तांदळाच्या मद्यानें या कुंभाला गृहसंस्कारांत स्थान मिळवून दिलें. कुंभाचें तोंड पानांनीं झांकून त्यावर चिखलाचें जाड बूच बसवीत. कन्या जन्मली कीं असे कुंभ जमिनींत पुरावे व तिच्या विवाहांत बाहेर काढावे, ही तेथील रूढि प्रसिद्ध आहे. कन्या उपवर होईपर्यंत मद्याचें रक्षण करी तें मातीची घडण आणि घट्ट बांधलेलें तोंड.

समुद्रावरही असलेच झिलईदार रांजण मद्य, तेल व पाणी वाहून नेत. ब्रह्मदेशांतील मर्तबान बंदरावरून त्यांना ‘मर्तबान’ हें नांव पडलें. चौदाव्या शतकांत दौलताबाद पाहून गेलेला प्रवासी इब्न बतूता चीनच्या वाटेवर असतां त्यास चार मर्तबान भेट मिळाले. त्यांत खारवलेलें आलें, मिरीं, लिंबें व आंबे होते. मद्याचा कुंभ लोणच्याचाही झाला होता!

मराठवाड्यांत १९४८ पर्यंत निजामी कारभाराची भाषा उर्दू होती आणि त्या भाषेंत लोणच्याच्या बरणीस ‘मर्तबान’च म्हणतात. नांदेडहून येणारा रस्ता जेथें हिंगोलीकडे व नागपूरकडे फुटतो, त्या वारंगा फाट्यावरील मराठी गृहिणी तिला ‘चिनी मातीची बरणी’ म्हणते. बरणी बहुधा या देशांतच घडलेली. ‘चिनी’ एवढें नांव मात्र दूरचें. पितळेच्या भांड्यांत आंबट पदार्थ कळकतो. झिलईच्या मातीस मीठ व आंबट बाधत नाहींत. शाओशिंगला पानें व चिखल, तर येथें झांकणावर फडक्याचा दादरा, हेतु एकच.

आज कांच आणि प्लास्टिक स्वस्त झाल्यानें जुन्या बरण्या भंगारांत जात आहेत. बरणी टाकण्यापूर्वीं तिच्या बुडाचा शिक्का पाहावा, ती घरांत कोणीं व केव्हां आणली हें वडीलधाऱ्यांस विचारून लिहून ठेवावें. शेतांत जुनें खापर निघालें, तर तें घासून स्वच्छ करूं नये. पुरातत्त्व विभागास कळवावें. जियाहूचीं खापरें कोणीं चकचकीत घासलीं असतीं, तर त्यांची ९,००० वर्षांची साक्ष पाण्याबरोबर वाहून गेली असती.