चंदीचे उघडे पोते



1970 च्या सुमारास कोल्हापुरात टांगे धावत. आमच्या घरीही एक टांगा होता. घोडीचे नाव चंद्री. कोंबड्या पाच. त्यांतली एक मोठी वस्ताद! ती रोज घोडीच्या गव्हाणीत अंडे घाली. घोडी गवताला वाकली, की ही तिच्या नाकावर टोच मारी. एवढे थोर जनावर, पण मुकाट्याने मागे सरे! आम्ही पोरे पोट धरून हसायचो.

एके रात्री ते हसू पळाले. घोडीच्या चंदीचे, म्हणजे हरभऱ्याचे, पोते आम्ही उघडेच ठेवले. कोंबड्यांनी उकरून दाणे सांडले. ते पाहून घोडीने दावे तोडले आणि दोन पायल्या हरभरा फस्त केला. पहाटे ती घामाने निथळत होती. लोळत होती. वळून पोटाकडे बघत होती.

शेजारी म्हणाले, "तेल पाजा की!"

वडील म्हणाले, "नको. आधी डाक्तरास्नी बोलवा."

डॉक्टरांनी नाकातून नळी घालून पोट मोकळे केले. ते म्हणाले, "घोड्याला ओकारी होत नाही. दाणा आत फुगला, तर पोट फुटते. तेल पाजताना फुफ्फुसात गेले, तरी जनावर दगावते."

दुपारी चंद्री उठली. आमचे सारे घर तिच्याच पायांवर उभे होते.

मंडळी, चूक कोंबडीची नव्हे, घोडीचीही नव्हे. पोत्याचे तोंड बांधायचे काम आमचे होते. जनावर पाळावे, त्याच्या खोड्यांना हसावे. पण रात्री निजण्यापूर्वी धान्याचे झाकण एकदा बघावे.