फोन हरवण्याआधी

एसटीत चढताना गर्दीत खिशातला फोन गेला, की आपण आधी त्याच्या किमतीने हळहळतो. खरा धोका असतो तो आतल्या सिमकार्डाचा. फोनला लॉक असलं तरी चोर सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये घालतो आणि तुमच्या बँकेचे ओटीपी त्याला मिळू लागतात. म्हणून सिमलाच पिन लावा. फोनच्या सेटिंगमध्ये, सुरक्षेच्या भागात 'सिम लॉक' शोधा. मग सिम कुठेही घातलं तरी आधी पिन विचारला जातो. मात्र सुरुवातीचा पिन सिमच्या कंपनीकडून विचारून घ्या, अंदाजाने आकडे टाकू नका. तीनदा चुकलं की सिम अडकतं आणि ते उघडण्यासाठी पीयूके क्रमांक मिळवावा लागतो.

आता कागद-पेन घ्या. फोनवर स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश दाबा. फोनची ओळख सांगणारा १५ अंकी आयएमईआय क्रमांक दिसेल. दोन सिमचा फोन असेल तर दोन दिसतील. ते वहीत उतरवा. फोन गेलाच, तर आधी सिम बंद करा, बँकेला कळवा आणि पोलिसांत तक्रार द्या. तक्रारीची प्रत आणि आयएमईआय क्रमांक देऊन सरकारच्या 'संचार साथी' संकेतस्थळावर फोन देशभर ब्लॉक करता येतो.

खात्यातून पैसे गेले असतील, तर क्षणभरही न थांबता १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा. पैसे पुढच्या खात्यांत फिरण्याआधी गोठवता येतात, उशीर झाला की हाती लागणं अवघड. आजी-आजोबांच्या फोनवर सिमला पिन लावण्याचं आणि आयएमईआय उतरवण्याचं काम त्यांच्या शेजारी बसून तुम्हीच करून द्या. बँकेचा नंबरही वहीच्या त्याच पानावर, मोठ्या अक्षरांत लिहा.